गिरणी आणि रविवारची सुट्टी

पूर्वी नांदेडचा काय किंवा लातूरचा काय, कोष्टी आपल्या घरच्या मागावर कापड विणीत असे. केव्हा कामास बसावे आणि केव्हा उठावे, हे तोच ठरवी. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत सूतगिरणीची स्थापना केली आणि हळूहळू चित्र पालटले. पुढे अनेक गिरण्या निघाल्या. रत्नागिरी, सातारा इत्यादी जिल्ह्यांतील हजारो माणसे पोटासाठी मुंबईस गेली आणि चाळींतील लहानशा खोल्यांत दाटीवाटीने राहू लागली.

यंत्राला थकवा ठाऊक नसतो; माणसाला मात्र असतो. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत गिरणी चाले. कचेऱ्यांना रविवारी सुट्टी असे. कामगारांना ती नव्हती. मुलांनो, तुमच्याहून लहान मुलेही तेथे राबत. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली. पण सात वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तास काम घेण्याची मुभा राहिलीच.

तथापि ज्या गिरणीने माणसांना जखडले, तिनेच त्यांना एकत्र आणले. एकट्या कोष्ट्याचे दुःख त्याच्या घरातच राही. येथे हजारोंचे दुःख एक झाले. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्या दुःखाला वाचा दिली. १८८४ साली सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज त्यांनी सरकारकडे पाठविला. १८९० च्या एप्रिलमध्ये भरलेल्या सभेस सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियांनीही तेथे भाषणे केली. अखेर त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली.

दूर अमेरिकेतही असेच घडत होते. कामाचा दिवस आठ तासांचा असावा, म्हणून १८८६ च्या मे महिन्यात तेथील लाखो कामगारांनी काम थांबविले होते.

या एकजुटीचा परिणाम राजकारणावरही झाला. १९०८ साली लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होताच मुंबईच्या कामगारांनी सहा दिवस हरताळ पाळला.

नांदेडची उस्मानशाही गिरणी आता बंद आहे. लातूरच्या औद्योगिक वसाहतीत मात्र नवी यंत्रे फिरत आहेत. यंत्र किती वेगाने फिरावे, हे कारागीर ठरवितो. माणसाने किती वेळ राबावे, हे मात्र समाजाने ठरवावयाचे असते.