गाडी खाली बसवून मागणारं गिऱ्हाईक: ॲडव्हान्स घेण्याआधी क्रॉस मेंबर समजून घ्या

आजचा विषय वरवर गॅरेजवाल्यांचा वाटेल. पण तुम्ही फर्निचर करत असा, शिलाई करत असा किंवा माझ्यासारखं स्पेअर पार्ट आणि वेल्डिंगचं दुकान चालवत असा, हा प्रसंग तुमच्यावर येणारच. गिऱ्हाईक रोख पैसे घेऊन समोर उभं आहे, काम आपल्याला जमण्यासारखं आहे, महिना मंदीचा आहे. आणि तरी हात पुढे करावा की नाही, कळत नाही.

माझ्यावर तो श्रावणात आला. जुन्या शहरातल्या आमच्या दुकानासमोर दुपारी एक पिकअप येऊन थांबली. जीपच्या तोंडाची, जुनी, महिंद्रची. समोरून डावीकडे कललेली, दाराचा पत्रा दोन जागी पॅच मारलेला, पण इंजिन एका हाताच्या किल्लीत सुरू. अकोटकडचा पोरगा, तेवीस-चोवीस वर्षांचा. गाडी त्याच्या आज्याची. कधीकाळी तिच्यात कापूस भरून जिनिंगला जायचा.

पोरानं मोबाइल पुढे केला. त्यात एक जुनी अमेरिकन पिकअप, रंग आरशासारखा आणि बंपर जवळपास जमिनीला टेकलेला.

"दादा, असंच करून पाह्यजे. समोरचं टायर अर्धं मडगार्डात गेलं पाह्यजे."

"कायले?"

"भारी दिसते ना! पयशाची चिंता नका करू तुमी." आणि काउंटरवर 30 हजार ठेवले. एकूण 80 हजारांपर्यंत द्यायची तयारी होती.

त्या महिन्यात दुकानाचं वीजबिल मी उशिरा भरलं होतं, एवढं सांगतो म्हणजे तुम्हाला त्या 30 हजारांचं वजन कळेल.

मी पैसे उचलले नाहीत. "दोन दिवस दे, हिशोब करून सांगतो," म्हटलं. त्या दोन दिवसांत मी काय तपासलं, ते आज तुम्हाला सांगतो.

त्या फोटोतली गाडी खाली बसते कशी?

आपल्या जुन्या जीप-पिकअपला समोर एक सलग, जड ॲक्सल असतो आणि तो कमानपाट्यांवर बसवलेला असतो. असा ॲक्सल इंजिनच्या खालून आडवा जातो. गाडी फार खाली आणली की तो वर येऊन चासीला, इंजिनच्या चेंबरला भिडतो. म्हणजे जागाच नाही. अमेरिकेत 1940 आणि 50 च्या दशकातल्या कितीतरी पिकअपना हाच प्रकार होता, आणि तिथल्या हौशी लोकांपुढे अडचणही हीच होती.

त्यांनी काढलेला मार्ग असा: सलग ॲक्सल काढूनच टाकायचा. चासीच्या दोन लांब दांड्यांच्या मध्ये एक जाड पोलादी तुळई आडवी वेल्ड करायची. हाच क्रॉस मेंबर. दोन्ही बाजूंचे वरचे-खालचे आर्म, स्प्रिंग आणि स्टिअरिंगचा रॅक, सगळं त्याच्यावर. आता प्रत्येक चाक आपापल्या आर्मवर स्वतंत्र हलतं. खरी गंमत पुढे आहे. आर्मचे बिजागर चासीच्या मानानं जितके वर धरले, तितकी चासी खाली येते, आणि आर्म मात्र जमिनीला जवळपास समांतरच राहतात. गाडी खाली, पण चाकांचे कोन बरोबर.

हे "आर्म समांतर" प्रकरण कशाला महत्त्वाचं, ते घरी करून बघा. दोन लाकडी पट्ट्या घ्या, एक लांब, एक आखूड. दोन्हींचं एकेक टोक खिळ्यानं फळीला ठोका आणि मोकळी टोकं वर-खाली फिरवा. दोघींचा गोल वेगवेगळा पडतो. एक पट्टी म्हणजे आर्म, दुसरी म्हणजे टाय रॉड. दोघांचे गोल जुळत नसतील तर चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग न फिरवताही चाक आपोआप वळतं. इंग्रजीत त्याला बंप स्टिअर म्हणतात. आपल्याकडचे जुने मेकॅनिक म्हणतात, "गाडी खेचते." नवीन हायवेवर 80 च्या स्पीडला गाडी खेचली तर काय होईल, ते मी लिहायची गरज नाही.

म्हणून चांगला क्रॉस मेंबर बसवायचा म्हणजे वेल्डिंगच्या आधी मोजमाप. चासी स्टँडवर घेऊन पाणसळीत आणायची. चाकाची मूळ मध्यरेषा ओळंब्यानं जमिनीवर उतरवायची. आडवे-तिरपे कर्ण मोजायचे, आणि तिथे दोन सुताचाही फरक चालत नाही. इंग्रजी सी अक्षरासारखे उघडे दांडे असतील तर त्या भागात पट्टी मारून ते बंद पेटीसारखे करायचे, नाहीतर पीळ बसतो. टाके लहान लहान आणि आलटून पालटून, कारण एका दमात वेल्ड ओढला तर उष्णतेनं दांडाच वाकतो. आमच्या दुकानातल्या वेल्डरला ग्रीलची कामं डोळे मिटून जमतात, पण तो स्वतःच म्हणाला, "भाऊ, हे ग्रील नाही."

धंदा कुणाचा झाला?

आता आपल्या कामाचा भाग. फोर्डनं 1974 च्या मॉडेल वर्षात मस्टँग टू नावाची छोटी कार आणली, 1978 पर्यंत बनवली. कार म्हणून तिला नावं ठेवणारे आजही कमी नाहीत. पण तिचं समोरचं सस्पेन्शन आटोपशीर होतं, रॅक अँड पिनियन स्टिअरिंग होतं. लोक भंगारातून तिचा पुढचा भाग आणायचे आणि जुन्या पिकअपला जोडायचे. पुढे भंगारात चांगला माल मिळेनासा झाला.

तिथे काही छोट्या वर्कशॉपवाल्यांनी डोकं चालवलं. त्यांनी नवा क्रॉस मेंबरच बनवायला घेतला. अमुक कंपनी, अमुक साल, दांड्यांमधलं अंतर इतकं, असा एकेका चासीसाठी वेगळा. मूळ रचनेत खालच्या आर्मला आधाराचा एक जास्तीचा दांडा लागायचा. तोही कित्येकांनी रुंद आर्म देऊन काढून टाकला. मूळ कार रस्त्यावरून कधीच गेली, पण "मस्टँग टू फ्रंट एंड" नावाचा माल आजही विकला जातो.

मी बीबीए केलं तेव्हा कॉस्टिंगच्या पुस्तकात साबण नाहीतर बिस्किटाचा कारखाना असायचा. पण मला फिक्स्चरची किंमत या क्रॉस मेंबरनं शिकवली. पहिला नग बनवायला तीन आठवडे लागतात. त्याचं फिक्स्चर, म्हणजे तुकडे नेमक्या जागी धरून ठेवणारा साचा, एकदा तयार झाला की पुढचा नग दिवसात होतो आणि पहिल्यासारखाच होतो. पैसा त्या दुसऱ्या, दहाव्या, पन्नासाव्या नगात आहे.

मग माझा प्रश्न साधा होता. अकोल्यात दुसरं गिऱ्हाईक कोण? अकोटच्या या एका पोरासाठी मी तीन आठवडे दुकानाचा एक गाळा अडवणार, आर्म, रॅक, ब्रेक, शॉकअप मिळून माझ्या अंदाजानं 60 हजारांच्या पुढचा माल आणणार, वर मजुरी. त्याचे 80 हजार तिथेच संपत होते. आणि कामात चूक झाली तर दुरुस्ती माझ्या खिशातून.

कायदा आधी वाचा, वेल्डिंग मग

मित्रांनो, हिशोब जमला असता तरी पुढचा अडथळा मोठा होता. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. मालकानं गाडीत असा बदल करायचा नाही की आर.सी.वरचे तपशील कंपनीनं मूळ दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील. 9 जानेवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या एका प्रकरणात हीच बाजू पक्की केली. पुढे 2019 च्या दुरुस्तीनं कलम 182-अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. रंग, सीटकव्हर वेगळं. चासीचा दांडा कापून समोरचं सस्पेन्शनच बदलणं वेगळं.

तुम्हाला देवराष्ट्रे आठवतं का? सांगली जिल्ह्यातल्या त्या गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून छोटी जीप बनवली, किक मारून सुरू होणारी. डिसेंबर 2021 मध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी मनापासून कौतुक केलं, पण त्याच दमात हेही सांगितलं की नियमात बसत नाही म्हणून ही गाडी आज ना उद्या अडवली जाईल. बदल्यात नवी बोलेरो दिली. आपण बोलेरोवर टाळ्या वाजवल्या आणि मधलं वाक्य विसरलो.

पोराच्या आर.सी.वर गाडी मालवाहू होती. इतक्या जुन्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस लागतं. इन्स्पेक्टर खाली वाकला की पहिलं दिसणार ते माझं वेल्डिंग. अपघात झाला तर विमा कंपनी न कळवलेल्या बदलाचं कारण दाखवून हात वर करू शकते. आणि ज्यांच्याकडे खासगी नोंदीची खरी जुनी जीप आहे त्यांनी तर कटर लांबच ठेवा. जुलै 2021 च्या केंद्राच्या नियमात 50 वर्षांवरची, मूळ रूपातली खासगी गाडी "विंटेज" म्हणून नोंदता येते, व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. अट अशी की चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको. एक कट मारला की तो दरवाजा बंद. ही गोष्ट गिऱ्हाईकाला सांगणारा दुकानदार मला अजून फारसा भेटला नाही.

रस्त्याचंही बोलू. अमरावती-अकोला मार्गावर जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरी रस्ता करून गिनीज विक्रम झाला, अभिमान आहेच. पण त्या पोराला हायवेवरून उतरून गावात जायचं होतं. इंडियन रोड्स काँग्रेसचा नमुना स्पीड ब्रेकर 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो. आपल्या गल्लीतले कुठल्या नमुन्याचे असतात, ते तुम्हीच सांगा.

मी एकदा चूक केली आहे

"मग सोपं करा ना दादा, दोन पाटे काढून टाका," पोरगा दोन दिवसांनी म्हणाला. हा सल्ला त्याला दुसरीकडे मिळाला होता.

इथे मला जुनी गोष्ट सांगावी लागली. दुकान नवीन होतं तेव्हा एका गिऱ्हाईकाच्या हट्टापायी मी त्याच्या कारच्या पुढच्या स्प्रिंगचा दीड वेढा ग्राइंडरनं कापून दिला होता. 1,500 रुपये घेतले. गाडी झकास दिसली. दोन महिन्यांनी तो परत आला, समोरची दोन्ही टायरं आतल्या बाजूनं तारेपर्यंत घासलेली, एक शॉकअप फुटलेला. टायरांचे पैसे मी दिले. पैशांचं जाऊ द्या. त्याच्या मागच्या सीटवर शाळेच्या गणवेशातली मुलगी बसली होती, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

कमानपाटा नुसतं वजन पेलत नाही, ॲक्सलला जागेवर धरून ठेवतो. ब्रेक मारल्यावरचा पीळही तोच झेलतो. पाटे कमी केले की गाडी खाली येते, हे खरं. ती खाली कुठे थांबेल, हे मात्र आपल्या हातात राहत नाही.

मी त्याला कागदावर दोन रकाने करून दिले. एकात त्याला हवं ते काम, खरा खर्च, आणि खाली ठळक अक्षरात: "ही गाडी रस्त्यावर चालवता येणार नाही." दुसऱ्यात मी करू शकतो ते: कमानपाटे खोलून पुन्हा बाक देणे, बुश आणि शॅकल नवीन, किंगपिन, स्टिअरिंग बॉक्सचा खेळ काढणे, ब्रेक. 22,500 रुपये, सहा दिवस. म्हटलं, घरी जा, आज्याला दाखव, मग सांग.

तुम्हीही असा कागद देत चला. तोंडी "नाही" म्हटलं की गिऱ्हाईकाला वाटतं, याला येत नाही. कागदावरचं "नाही" तो घरी नेतो, चार लोकांना दाखवतो, आणि त्यातला एखादा तुमच्याकडे येतो.

तीन दिवस फोन नाही. मी धरून चाललो की पोरगा दुसरीकडे गेला. चौथ्या दिवशी सकाळी पिकअप दारात, आणि शेजारच्या सीटवर आजोबा. त्यांनी कागदाची घडी उघडली, दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं आणि "हे करा" इतकंच म्हणाले.

काम सहाचं सात दिवस चाललं, कारण एक शॅकलची पिन इतकी गंजली होती की गॅसनं तापवूनही हलेना. पाट्यांना बाक दिल्यावर डावीकडचा कल गेला आणि समोरची बाजू दीड इंच वर आली.

पोरगा गाडीभोवती एक चक्कर मारून आला. "दादा, मी खाली करा म्हटलं होतं. तुमी तं वर केली!"

आज्यानं 22,500 मोजून दिले, वर पोराला म्हणाला, "बस तिकडे. आज मी चालवतो."