काल रात्री मच्छरदाणीत कोण झोपलं होतं?

मच्छरदाणीची भोकं मोजायला पट्टी लागत नाही. पाहणी करणाऱ्याचा अंगठा, मूठ आणि डोकं एवढ्यावर भागतं. जागतिक आरोग्य संघटनेने ही रीत घालून दिली आहे. घरातली मच्छरदाणी उजेडात आणायची, चारही कोपरे ताणायचे आणि एकेक बाजू नीट बघत जायची. भोकातून अंगठा जात नसेल तर गुण १. अंगठा जातो पण मूठ अडते, तर २३. मूठ जाते पण डोकं जात नाही, तर १९६. डोकंही आरपार गेलं, तर ५७६. हे विचित्र आकडे क्षेत्रफळातून आलेले आहेत. दुसऱ्या गटातल्या मध्यम भोकात पहिल्या गटातली मध्यम आकाराची २३ भोकं मावतात, असा तो हिशेब. मग बेरीज करायची. ६४ पर्यंत मच्छरदाणी उत्तम, ६४२ पर्यंत चालण्यासारखी, त्यापुढे बाद. डोक्याएवढं एक भोक आणि मूठ अडवणारी तीन, म्हणजे ६४५. ती मच्छरदाणी बदलायला हवी.

जगात दरवर्षी सुमारे सहा लाख माणसं मलेरियाने मरतात. त्यांतली बहुतेक आफ्रिकेतली, आणि त्यांत पाच वर्षांखालची मुलं सर्वांत जास्त. अशा रोगाविरुद्ध कोट्यवधी मच्छरदाण्या वाटायच्या आणि मग भोकात मूठ घालून बघायचं? किती मुलं वाचली, ते सरळ का मोजत नाहीत?

ते मोजून झालंय. आणि ते पुन्हा त्याच पद्धतीने मोजता येणार नाही, यातच या शास्त्राची सगळी गंमत आहे.

पश्चिम आफ्रिकेतल्या गॅम्बिया या चिंचोळ्या देशात लोक मच्छरदाण्या आधीपासून वापरत होते. नवं होतं ते त्या परमेथ्रिन या कीटकनाशकाच्या पाण्यात बुडवून वाळवणं. १९९१ साली पेड्रो अलोन्सो आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये जो निष्कर्ष छापला, त्यावर विश्वास ठेवणं अनेकांना जड गेलं असणार. औषध लावलेल्या मच्छरदाण्यांच्या गावांत १ ते ४ वर्षांच्या मुलांचे मृत्यू ६३ टक्क्यांनी कमी झाले होते. मलेरियाचेच नव्हे, सगळ्या कारणांचे मिळून. पुढे हेच काम सरकारी यंत्रणेने देशभर हाती घेतलं, तेव्हा घट भरली २५ टक्के. संशोधकांच्या डोळ्यांदेखत चाललेलं काम आणि रोजच्या सरकारी गाड्यावर चाललेलं काम यांत एवढा फरक पडू शकतो, हा पहिला धडा.

मग बुर्किना फासो, घाना आणि केनिया इथे मोठ्या चाचण्या झाल्या. कुठल्या गावांना औषध लावलेल्या मच्छरदाण्या, आणि बुर्किना फासोत तसेच पडदे, आधी मिळणार, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं गेलं, म्हणजे कुणाची मर्जी आड येऊ नये. बालमृत्यूंतली घट तिथे अनुक्रमे १५, १७ आणि ३३ टक्के निघाली. २००४ साली ख्रिश्चन लेंगेलर यांनी अशा सगळ्या चाचण्या एकत्र मांडल्या, तेव्हा हाती आलेलं उत्तर असं: मुलांचे मृत्यू सुमारे १७ टक्क्यांनी घटतात. वर्षभर १,००० मुलांना या मच्छरदाण्यांचं संरक्षण मिळालं, तर त्यांतली साडेपाच वाचतात.

साडेपाच! म्हणजे सुमारे १८२ मुलांमागे एक. तो एक कोण, हे त्याच्या आईलाही कळत नाही. उरलेल्या १८१ जणांतली काही तापाने फणफणली असती, काहींना काहीच झालं नसतं. वाचलेलं मूल आणि ज्याला धोकाच नव्हता ते मूल, दोघंही सकाळी सारखीच रडत उठतात. दोन गटांतल्या हजारो मुलांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली, तेव्हाच हा फरक आकड्यात उमटला.

आणि तो उमटला, त्या दिवसापासून तशी तुलना करायचा रस्ता बंद झाला. उपाय जीव वाचवतो हे माहीत असताना, केवळ तुलनेसाठी निम्म्या गावांना त्याविना ठेवणार कसं? त्यामुळे आजची प्रत्येक वाटप मोहीम १७ टक्क्यांचा आकडा जुन्या चाचण्यांकडून उसना घेते. स्वतः मोजते ती एवढंच, की तो आकडा आपल्याला लागू पडायला जे जे व्हायला हवं, ते झालं का. मूठ आणि अंगठा इथे कामाला येतात.

पण भोकं पडलेली मच्छरदाणीही उपयोगी कशी? त्यासाठी डासाच्या मादीच्या मागे जायला हवं. लिव्हरपूलच्या संशोधकांनी अंधारात इन्फ्रारेड कॅमेऱ्याने मलेरिया पसरवणाऱ्या अ‍ॅनोफिलिस डासांच्या माद्यांच्या वाटा टिपल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध केल्या. माद्या सगळीकडे सारख्या भिरभिरत नव्हत्या. झोपलेल्या माणसाच्या छातीच्या वर, मच्छरदाणीच्या छतापाशी त्यांची गर्दी होती. औषधाच्या जाळीवर त्या निवांत बसतही नव्हत्या, तर टेकत होत्या, उडत होत्या, परत टेकत होत्या. तेवढ्या ओझरत्या स्पर्शांनीही काम होत होतं. म्हणजे औषधाची मच्छरदाणी हा नुसता आडोसा नाही, तो सापळा आहे, आणि आत झोपलेला माणूस हे त्याचं आमिष.

आता एक छोटा गुणाकार. मलेरियाचा परजीवी मादीच्या पोटात शिरल्यापासून तिच्या लाळेत पोचायला दहा-बारा दिवस तरी लागतात. मादी दर दोन-तीन दिवसांनी रक्त पिते. म्हणजे रोग पसरवण्याआधी तिला चार-एक वेळा माणसापाशी येऊन जिवंत परतावं लागतं. समजा, प्रत्येक खेपेला निम्म्या माद्या जाळीला लागून मेल्या. चार खेपांनंतर १६ मधली एक उरते. धोकादायक डास म्हणजे म्हातारा डास, आणि मच्छरदाण्या डासांना म्हातारं होऊ देत नाहीत.

म्हणूनच पश्चिम केनियातल्या असेम्बो आणि गेम भागांतल्या मोठ्या चाचणीत, २००३ साली प्रसिद्ध झालेलं, एक चकित करणारं निरीक्षण निघालं. मच्छरदाणी नसलेल्या, पण मच्छरदाण्या असलेल्या वस्तीपासून ३०० मीटरांच्या आत असलेल्या घरांतल्या मुलांनाही जवळपास तेवढंच संरक्षण मिळत होतं. शेजाऱ्याने मच्छरदाणी बांधली आणि आपलं मूल वाचलं! अर्थात हे घडतं ते आसपासच्या बऱ्याच घरांत ती बांधलेली असली तरच. त्यामुळे मोहिमेचं यश एकेका घरात मोजून पुरत नाही. वस्तीत किती जण आत झोपतात, ते मोजावं लागतं.

तेही दिसतं तेवढं सोपं नाही. समजा, १,००० मच्छरदाण्या निघाल्या. ९०० घरांत पोचल्या. त्यांतल्या ८० टक्के टांगल्या गेल्या, म्हणजे ७२०. टांगलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांत रात्री कुणी झोपलं, म्हणजे ५४०. वर्तमानपत्रात छापून येतो तो १,००० चा आकडा. डासाशी गाठ पडते ती ५४० ची.

हा शेवटचा आकडा काढण्यासाठी जगभरच्या आरोग्य पाहण्यांत एक ठरलेला प्रश्न आहे. पाहणी करणारी बाई आधी मच्छरदाणी दाखवायला सांगते. टांगलेली आहे, की अजून पाकिटात, की पाहुण्यांसाठी पेटीत घडी करून ठेवलेली? मग प्रत्येक मच्छरदाणीबद्दल वेगळं विचारते, ‘काल रात्री हिच्यात कोण कोण झोपलं होतं?’ आणि घरातल्या यादीतल्या नावांपुढे खुणा करते. ‘तुम्ही मच्छरदाणी वापरता का?’ असं विचारलं की घरधनी मान डोलावतोच. फुकट वस्तू देणाऱ्यांच्या माणसाला ‘नाही’ कोण म्हणेल? ‘काल रात्री’ म्हटलं की आठवावं लागतं. तरीही माणसं थोडं वाढवून सांगतातच, हे मच्छरदाणीला हालचाल नोंदवणारी छोटी यंत्रं लावून केलेल्या तपासणीत दिसून आलं आहे.

या पाहण्या शक्यतो पावसाळ्यात किंवा पावसाळा सरता सरता करतात. उन्हाळ्यात बाजा अंगणात आलेल्या असताना आकडा वेगळाच निघेल. लंडनच्या ‘अगेन्स्ट मलेरिया फाउंडेशन’सारख्या संस्था वाटपानंतर काही महिन्यांनी, न कळवता, चिठ्ठी टाकून निवडलेल्या घरी माणसं पाठवतात. त्यांतल्या काही घरी दुसरी तुकडी पुन्हा जाऊन आधीच्या तुकडीची नोंद तपासते. वाटपावर नजर, आणि नजरेवरही नजर.

या प्रश्नाने एक जुना समजही मोडला. ‘लोकांना कितीही द्या, ते वापरतच नाहीत’ ही तक्रार आणि मच्छरदाणीने मासे धरणाऱ्यांचे फोटो सगळीकडे फिरतात. पण आफ्रिकेतल्या पाहण्यांत बहुतेक ठिकाणी दिसतं ते उलटंच. घरात दोन माणसांमागे एक मच्छरदाणी असेल, तर बहुतेक लोक तिच्यात झोपतात. कमतरता बऱ्याचदा अकलेची नसते, मच्छरदाण्यांची असते. असा निष्कर्ष निघाला की प्रबोधनाची भाषणं कमी करून गोदामाकडे वळावं लागतं.

आता शेवटची कडी, म्हणजे औषध. मच्छरदाणीचा तुकडा कापून प्रयोगशाळेत नेतात. त्यावर प्लास्टिकचं शंकूसारखं भांडं उपडं ठेवून आत पाच डास सोडतात. तीन मिनिटांनी बाहेर काढतात. तासाभरात किती उलटे पडले आणि २४ तासांत किती मेले, ते मोजतात. वर्षानुवर्षं ही परीक्षा चोख होती. मग डासच बदलले. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं पचवणाऱ्या पिढ्या आफ्रिकेत पसरल्या, आणि १७ टक्क्यांचा उसना आकडा ज्या डासांवर काढला होता, ते डास उरले नाहीत.

उत्तर म्हणून क्लोरफेनापीर हे दुसरं रसायन जोडलेल्या मच्छरदाण्या आल्या. टांझानियात मिसुंग्वी जिल्ह्यातल्या चाचणीचे निकाल २०२२ साली प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनी जुन्या प्रकारच्या मच्छरदाण्या असलेल्या वस्त्यांत ४५.८ टक्के मुलांच्या रक्तात मलेरिया सापडला, नव्या प्रकारच्या वस्त्यांत २५.६ टक्के. मार्च २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांची शिफारस केली. आणि मौज बघा, हे रसायन तीन मिनिटांच्या शंकूत नापास व्हायचं! ते विषारी होतं डासाच्या शरीरात गेल्यावर, डास रात्री आपल्या कामात गुंतलेला असताना, आणि मारायला दोन-तीन दिवस घेतं. त्यासाठी परीक्षाच बदलावी लागली.

हे सगळं मोजल्यावर सांगायचं कसं, हा प्रश्न मोजण्याइतकाच अवघड आहे. ओडिशाचं उदाहरण आपल्या जवळचं. तिथे २०१७ साली सुमारे १.१ कोटी मच्छरदाण्या वाटल्या गेल्या. त्या वर्षी राज्यात मलेरियाचे साडेतीन लाखांच्या घरात रुग्ण होते, २०१८ मध्ये सुमारे ६६,००० आणि २०१९ मध्ये ४०,००० च्या आसपास. मच्छरदाण्यांनी मलेरिया हरवला, असा मथळा कुणालाही सुचेल. पण त्याच काळात ‘दमन’ या मोहिमेत दुर्गम पाड्यांवर ताप असो-नसो सगळ्यांचं रक्त तपासून उपचार चालले होते. आशा कार्यकर्त्यांच्या हाती झटपट तपासणीचे किट आणि गोळ्या होत्या. घसरणीतला कुणाचा वाटा किती, हे राज्याची एकूण संख्या सांगू शकत नाही. पुढे काही वर्षांनी ती संख्या पुन्हा चढली, तेव्हा श्रेय वाटून घेणारे मथळे कामाला आले नाहीत. कुठल्या पाड्यावर मच्छरदाण्या जुन्या झाल्या, या माहितीची गरज होती.

पैसे देणाऱ्यांना सांगतानाही असाच घोटाळा होतो. एक मच्छरदाणी साधारण दोन डॉलरला पडते, म्हणून ‘दोन डॉलरमध्ये एक जीव’ असं ऐकू येतं. साडेपाचाचं गणित आठवलं की लक्षात येतं, एका जिवामागे कितीतरी मच्छरदाण्या लागतात आणि खर्च काही हजार डॉलरवर जातो. तरीही जीव वाचवण्याच्या सर्वांत स्वस्त मार्गांत तो मोडतो. खरा आकडाच पुरेसा आश्चर्याचा असताना तो फुगवण्याची गरज काय? २०१५ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अंदाजानुसार २००० पासून आफ्रिकेत उपाययोजनांमुळे मलेरियाचे ६६.३ कोटी आजार टळले, त्यांतले ६८ टक्के मच्छरदाण्यांमुळे. संशोधकांनी सोबत ५४ ते ७५ कोटी असा पल्लाही दिला होता. बातमी सांगताना पल्ला गळतो आणि अंदाज मोजणीसारखा वाटू लागतो.

गावाला मात्र यांतलं काहीच नको असतं. महाराष्ट्रातल्या मलेरियाचा मोठा भार वर्षानुवर्षं वाहणाऱ्या गडचिरोलीत, भामरागड-एटापल्लीच्या पाड्यांवर, १७ टक्के ऐकून कुणी काय करणार? तिथे कामाचं एवढंच: मच्छरदाणी साध्या साबणाने हलक्या हाताने धुवा, सावलीत वाळवा, भोक दिसलं की टाका घाला, आणि तीन वर्षं झाली की नवी मागा. याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाची ग्रामसभा आपल्या जंगलातल्या बांबूचा हिशेब स्वतः ठेवते. तशीच एक वही मच्छरदाण्यांची ठेवली, कुठल्या घरात किती, केव्हाच्या, काय अवस्थेत, तर तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यापुढे पुढच्या वाटपाची मागणी मांडताना गावाला विनवणी करावी लागणार नाही. आकडा पुढे करता येईल, आणि तो गावाने स्वतः मोजलेला असेल.