शिवडीचा चिखल

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील शिवडीचें नांव निघालें कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें गोदामें, मालाच्या मोटारी आणि खाडीचा काळा चिखल एवढेंच उभें राहतें. “तेथें पाहण्यासारखें काय आहे ?” असा प्रश्नही सहज विचारला जातो. परंतु उद्योग, निसर्ग आणि लोकरीति हीं एकाच ठिकाणीं कशीं नांदतात हें ज्यास समजून घ्यावयाचें असेल, त्यानें प्रथम या चिखलाकडेच पाहावें. कारण या तिहींचा पाया तोच आहे.

समुद्राचें पाणी दिवसांतून दोन वेळां चढतें आणि दोन वेळां उतरतें. भरतीची वेळ दररोज सुमारें पन्नास मिनिटांनीं पुढें सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते, अष्टमीच्या सुमारास भांगाची. शिवडीचा किनारा उथळ असून त्यास उतार फार थोडा आहे. म्हणून ओहोटीस पाणी दूरवर मागें हटतें व चिखलाचा विस्तीर्ण पट्टा उघडा पडतो. कांठाशीं तिवरांची झाडी आहे. अशा चिखलांत हवा नसते. म्हणून तिवराचीं मुळें खुंट्यांप्रमाणें जमिनीबाहेर डोकावून श्वास घेतात, आणि तींच मुळें गाळ धरून ठेवितात व लाटांचा जोर मोडतात.

या चिखलावर सुमारें १९९४ पासून रोहित पक्ष्यांचे मोठे थवे उतरूं लागले. हिवाळ्याच्या आरंभीं ते येतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर निघून जातात. त्यांतील पुष्कळ कच्छच्या रणाकडील आहेत. रोहित आपली चोंच उलटी करून पाण्यांत बुडवितो, जिभेनें पाणी आंत ओढतो आणि चोंचीच्या कडेच्या बारीक दांत्यांतून तें गाळून सूक्ष्म शैवाल व किडे तेवढे ठेवितो. त्याचा गुलाबी रंग जन्माचा नव्हे, अन्नाचा आहे. पिलें करड्या रंगाचीं असतात. शहराच्या सांडपाण्यांतील क्षारांमुळें येथें शैवाल भरपूर वाजतें, असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. परंतु त्यावरून घाण हितकारकच होय असा अर्थ कोणी काढूं नये. मर्यादेबाहेर गेलेलें तेंच सांडपाणी आणि त्याबरोबर येणारें तेल व विषारी द्रव्यें जलचरांचा नाश करितात.

आतां उद्योगाकडे वळूं. या किनाऱ्यावर नजर ठेवण्यासाठीं इंग्रजांनीं १६८० सालीं शिवडीचा किल्ला बांधला. १६८९ सालीं जंजिऱ्याच्या सिद्दीनें मुंबईवर स्वारी केली तेव्हां तो त्याच्या हातीं पडला. पुढें विसाव्या शतकांत पोर्ट ट्रस्टनें माझगांव-शिवडीचा उथळ किनारा भरून काढला. त्या नव्या भूमीवर गोदामें उठलीं, आणि कुलाब्याकडील कापसाचा बाजार तेथें आला. कॉटन ग्रीन स्टेशनाच्या नांवांत त्याची आठवण अद्याप आहे. म्हणजे ज्या जमिनीवर कापसाच्या गांठी रचल्या गेल्या, ती जमीनच मुळीं चिखलावर उभी राहिली होती !

कापसामागून गिरण्या, आणि गिरण्यांमागून माणसें. कोंकणांतून व घाटावरून आलेल्या कामगारांनीं परळ, लालबाग, शिवडी हा सारा भाग भरून गेला. १९२० नंतरच्या दशकांत सरकारनें वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें बी. डी. डी. चाळी बांधल्या. एका खोलीचें एक बिऱ्हाड आणि सर्वांस मिळून एक लांब ओटी, अशी त्यांची रचना. जागा अपुरी, म्हणून शेजार मोठा झाला ! ओटीवरचें भजन, गणपतीची वर्गणी, दहीहंडीचे थर, गांवाकडील शिमग्यास निघालेली मंडळी, यांतून गांवची रीत शहरांत टिकून राहिली. खाडीवर उपजीविका करणारे कोळी बांधव नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ अर्पण करितात. त्यांचें पंचांग भिंतीवर जितकें, तितकेंच भरती-ओहोटींतही असतें.

१८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लक्ष गिरणी कामगार उतरले. त्यानंतर कित्येक गिरण्या बंद पडल्या आणि भोंगे मुके झाले. जी गिरणी शेकडों घरांची चूल पेटवीत होती, तिची गणना लोक केवळ मोकळी जागा म्हणून करूं लागले. चिखलाच्या वांट्यासही हाच हिशेब येण्याचें भय आहे. १२ जानेवारी २०२४ रोजीं येथूनच न्हावा-शेव्याकडे जाणारा २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतु खुला झाला. पक्ष्यांस त्रास होऊं नये म्हणून चिखलावरील भागांत आवाज अडविणारे कठडे उभारले आहेत, हें योग्यच झालें. ठाणें खाडीचा कांहीं भाग २०१५ सालीं रोहितांचें अभयारण्य ठरला, आणि २०२२ सालीं त्याची गणना जगांतील महत्त्वाच्या पाणथळ जागांत झाली. शिवडीचा चिखल मात्र त्या सीमेबाहेर आहे. त्याचें रक्षण मुख्यतः आपल्या समजुतीवर अवलंबून आहे.

पूल नको, गोदाम नको, असें म्हणणें शहाणपणाचें नव्हे. त्यांवरही अनेकांची भाकरी आहे. परंतु ज्या जागेचें भाडें येत नाहीं ती निरुपयोगी, हें गणित चुकीचें आहे. तिवर आपला किनारा राखतो, गाळ मासळीच्या पिलांस पोसतो, आणि हजारों कोसांच्या आकाशांतून पांखरांस हीच एक जागा ओळखूं येते.

पालकांस एक विनंति. हिवाळा सरतांना एखाद्या सुटीच्या दिवशीं भरतीचें कोष्टक पाहून ओहोटीच्या वेळीं मुलांस शिवडीच्या किल्ल्यावर न्यावें. एका बाजूस चाळींचीं छपरें, दुसऱ्या बाजूस पूल, आणि मध्यें तो काळा चिखल दिसेल. मुलांनीं “हा कोणाच्या उपयोगाचा ?” असें विचारलें, तर लगेच उत्तर देऊं नये, पाणी परत येईपर्यंत त्यांस शांतपणें पाहूं द्यावें.