आधी चाल, मग नाच!
मैत्रिणींनो, क्यूबाचा साल्सा शिकायचा म्हटलं, की 'या वयात कंबर कशी हलवायची, बाई?' म्हणून जीव बिचकतो ना? पण कंबर मुद्दाम हलवायचीच नसते! हवानात १९५०च्या दशकात घडलेल्या या नाचाला तिथे 'कासिनो' म्हणतात. त्याचा पाया म्हणजे साधी चाल. आठपर्यंत मोजा. एक-दोन-तीनला पावलं, चारला विसावा. पाच-सहा-सातला पावलं, आठला विसावा. गुडघे सैल ठेवून अंगाचा भार पुरता एका पायावरून दुसऱ्यावर न्या, कंबर आपसूक डोलते. रबरी तळाचे बूट मात्र नकोत. गिरकी घेताना तळ अडकतो नि गुडघा पिरगळतो. जोड्या फेर धरून नाचतात तेव्हा 'दामे' असा पुकारा झाला, की जोडीदार बदलायचा. पाऊल चुकलं तर लाजून बाहेर पडू नका. पुढच्या 'एक'ला पुन्हा मिसळा!