संक्रांतीच्या वाणाला घरचे चॉकलेट

गेल्या वर्षीच्या डिसेंबरमधली ही गोष्ट आहे. माझी भाची अमरावतीला वसतिगृहात राहून शिकते. चांदूर बाजाराजवळ तिचे गाव. सुटीत घरी आली ती दोन दिवस गप्पच होती. तिसऱ्या दिवशी आईजवळ बोलली. खोलीतल्या पाच मैत्रिणींनी मिळून तिच्या वाढदिवसाला चॉकलेटचा डबा दिला होता, चकचकीत कागदाचा, वर सोनेरी फीत. आता संक्रांतीला तिलाही त्यांना काही द्यायचे होते.

"माय, तीळगूळ तं सगळ्याच देतात. मले तसाच डबा पाह्यजे."

पाच डब्यांचे पैसे मोजले तर घरातला पंधरा दिवसांचा किराणा होत होता. तिचे वडील ओसरीवर बसून कापसाच्या चुकाऱ्यातून वेचणीची मजुरी आणि कृषी केंद्राची उधारी वजा करीत होते. त्यांनी ऐकले. काही बोलले नाहीत. चपला घातल्या आणि वावरात निघून गेले. पोरीच्या डोळ्यांत पाणी आले, मागितले म्हणूनही आणि मागावे लागले म्हणूनही.

रात्री बहिणीचा मला फोन आला. "ताई, तू केक करतेस, तसे चॉकलेटचे काही घरी जमते का?"

जमते. कसे जमते आणि कुठे फसते, ते आज तुम्हाला सांगते. तुमच्याही घरात अशी एखादी पोर असेल.

आधी एवढे ध्यानात घ्या, की चॉकलेटमध्ये आपल्या घरी नसलेली वस्तू एकच, ती म्हणजे कोको. दाणे, तीळ, खोबरे, दूध, तूप, संत्र्याची साल हे सगळे आपल्या घरचे किंवा शेजारणीच्या घरचे. बाजारच्या डब्यात आपण कोकोपेक्षा कागदाचे, फितीचे आणि जाहिरातीचेच पैसे जास्त मोजतो. तेव्हा कोको तेवढा विकत आणायचा, तोही बेताने, आणि बाकीचे वजन घरच्या मालाने भरायचे.

कोकोचे झाड सावलीतले. आपल्या देशात ते केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तामिळनाडूत, सुपारी-नारळाच्या बागांतून लावतात. आपल्या वऱ्हाडातले ऊन त्याला मानवायचे नाही. चिखलदऱ्याच्या थंडाव्यात कॉफी होते, तेवढ्यावर आपण समाधान मानायचे. पण कोको पिकवणारेही कास्तकारच, आणि त्यांचीही कहाणी आपल्यासारखीच आहे. मंगळूरला १९७३ साली सुपारी उत्पादकांनी 'कॅम्पको' ही सहकारी संस्था काढली. १९८० च्या सुमारास कोकोचे भाव कोसळले, घेणाऱ्यांनी पाठ फिरवली, तेव्हा या संस्थेने शेतकऱ्यांचा कोको विकत घेतला आणि १९८६ साली पुत्तूरला स्वतःचा चॉकलेट कारखाना उभारला. तो आजही चालतो. आपल्याकडे १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली होती, ती काही टिकली नाही. असो, तो विषय पुरुष मंडळींच्या पारावरचा, पण हिशेब आपल्यालाही कळतो.

चॉकलेट अलीकडे एवढे महागले त्याचे कारणही शेतातलेच आहे. जगातला निम्म्याहून अधिक कोको पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. तिथे हवामान आणि झाडांवरचा रोग यांनी पीक बसले आणि २०२४ साली कोकोचा भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला. २०२५ मध्ये तो बराच उतरला. पण एकदा वाढलेली किंमत दुकानात किती उतरते, हे तुम्हाला मी काय सांगणार!

आता सामानाकडे वळू. अमरावती-अकोल्यात केकचे सामान विकणाऱ्या दुकानांत चॉकलेटची लादी मिळते, बहुधा चारशे किंवा पाचशे ग्रॅमची. तिच्यात दोन जाती असतात. एक खरी, कोकोच्याच लोण्याची. दुसरी 'कंपाउंड', जिच्यात कोकोच्या लोण्याऐवजी दुसरे वनस्पती तेल घट्ट करून घातलेले असते. वेष्टनावर घटक छापलेले असतात, ते वाचूनच घ्या. खरी लादी महाग, आणि ती वितळवून पुन्हा नीट गोठवणे हे कसबी काम आहे. उष्णतामान दोन-चार अंशांनी चुकले तरी वर पांढुरके पट्टे येतात. कंपाउंड लादी स्वस्त, वितळवा आणि ओता, आपोआप गोठते. चवीला ती उणी, हे मी झाकून ठेवणार नाही. जिभेवर थोडी मेणचट लागते. पण भाजलेले दाणे आणि तीळ मिसळले की ते फारसे जाणवत नाही. आपल्या कामाला कंपाउंडच घ्या, गडद रंगाची. ती कमी गोड असते. रोज पोरांना चारण्याची वस्तू मात्र ही नव्हे.

आमचा पहिला घाणा फसला. बहिणीने वाटीत लादीचे तुकडे घालून वाटी उकळत्या पाण्यावर ठेवली आणि वर झाकण ठेवले. झाकणाला धरलेल्या वाफेचे चार थेंब आत पडले. बघता बघता गुळगुळीत चॉकलेटच्या, पिठल्यात गुठळ्या व्हाव्यात तशा गुठळ्या झाल्या. भाची रडकुंडीला आली. शंभर ग्रॅमचाच तुकडा घेतला होता म्हणून निभावले. त्या गुठळ्या गरम दुधात घोटल्या आणि घरातल्या पोरांनी ग्लासभर ग्लासभर प्यायल्या. म्हणजे वाया काही गेले नाही. पण त्यावरून शिका. वितळलेल्या चॉकलेटला पाण्याचा थेंब चालत नाही. ओला चमचा नको, ओला हात नको, झाकण तर नकोच. गुळाचा पाकही त्यात घालू नका, त्यातही पाणी असते.

रीत अशी. अर्धा किलो लादी सुरीने बारीक चिरून घ्या. गंजात दोन बोटे पाणी उकळा आणि गंज चुलीखाली उतरवा. चुलीची धग कमीजास्त होते आणि चॉकलेट जळले की कडू होते, म्हणून नुसत्या वाफेच्या उबेवर काम करायचे. गंजाच्या तोंडावर घट्ट बसेल अशी कोरडी वाटी ठेवा. तिचा तळ पाण्याला लागू नये आणि बाजूने वाफ वर येऊ नये. चिरलेले तुकडे थोडे थोडे घालून कोरड्या चमच्याने हलवत राहा. पाच-सात मिनिटांत वितळते.

त्याआधीच चारशे ग्रॅम फल्लीदाणे मंद आचेवर खमंग भाजून, साले पाखडून, दोन फाकी करून ठेवायचे. शंभर ग्रॅम तीळ तडतडेपर्यंत भाजायचे. दोन्ही पूर्ण थंड होऊ द्या. दाणा मऊ राहिला तर सगळ्या मेहनतीवर पाणी पडते, तेव्हा इथे घाई नको. खवट वास येणारा जुना दाणा तर अजिबात घेऊ नका. वितळलेल्या चॉकलेटात दाणे-तीळ आणि चिमूटभर बारीक मीठ घालून कालवा. ताटावर बटर पेपर पसरून त्यावर लहान चमच्याने ढीग घाला. साचे विकत आणायची गरज नाही. ओबडधोबड दिसले तरी घरचे आहे हे त्यावरूनच कळते.

अर्धा किलो लादी आणि अर्धा किलो घरचा माल, असा एक किलो झाला. बारा-तेरा ग्रॅमचा एक ढीग धरला तर सुमारे ऐंशी नग होतात. भाचीच्या पाच मैत्रिणींना प्रत्येकी आठ म्हणजे चाळीस. उरलेले चाळीस बहिणीने हळदीकुंकवाला दोन-दोन करून वीस बायकांना दिले. दरवर्षी ती वाणाला प्लास्टिकचे डबे नाहीतर गाळण्या आणायची आणि बायका त्या घरी नेऊन माळ्यावर टाकायच्या. या वेळी लादी, बटर पेपर आणि दोऱ्याचा खर्च त्या वाणाच्या पैशातच भागला. तुमच्या गावच्या दराने हिशेब मांडून पाहा. दाणे विकतचे असले तरी तो जमेल.

भाचीच्या मनात मात्र सोनेरी फितीचा डबा होता. दाण्याचे ढीग पाहून ती म्हणाली, "मावशी, हे चांगलं आहे, पण त्याच्यासारखं नाही." खरेच होते. तेव्हा मला संत्र्याची आठवण झाली. त्यांच्या बांधावर संत्र्याची चार झाडे आहेत. आंबिया बहाराची फळे घरात होती आणि साली उकिरड्यावर जात होत्या.

वरूड-मोर्शीकडच्या माझ्या बहिणींनो, हे तुमच्यासाठी खास. संत्रे आणि चॉकलेट यांची जोडी जगात नावाजलेली आहे. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात १९३२ साली संत्र्याच्या आकाराचे, फाकाफाकांचे चॉकलेट निघाले. त्यात संत्र्याचे तेल घालतात, आणि ते आजही विकले जाते. आपल्याकडे तर अख्खी साल आहे! फवारणीचा अंश राहू नये म्हणून फळ आधी चोळून, दोन पाण्यांनी धुवा. साल सोलून आतला पांढरा भाग चमच्याच्या कडेने खरवडा आणि सालीच्या बोटाएवढ्या लांब, बारीक पट्ट्या कापा. तीन वेळा नव्या पाण्यात उकळून प्रत्येक वेळी ते पाणी फेकून द्या, म्हणजे कडूपणा जातो. मग सालीच्या वजनाइतकी साखर आणि साल बुडेल एवढे पाणी घालून मंद आचेवर शिजवा. पट्ट्या काचेसारख्या दिसू लागल्या आणि पाक आटत आला की उतरवा. चाळणीवर पसरून, वर पातळ फडके घालून दोन-तीन दिवस सावलीत वाळवा. बोटाला चिकटेनाशा झाल्या की एकेक पट्टी अर्धी चॉकलेटात बुडवून कागदावर ठेवा. अर्धी केशरी, अर्धी काळी. पाव किलो चॉकलेटात पुष्कळ पट्ट्या होतात. पाहून भाचीचा चेहरा उजळला. आम्हाला मेहनत पडली, पण पैसा साखरेचा आणि लादीचा तेवढाच.

हे सगळे हिवाळ्यातच करा. कोकोचे लोणी चौतीस अंशांच्या आसपास वितळते, म्हणून तर चॉकलेट तोंडात विरघळते. कंपाउंड थोडे अधिक तग धरते इतकेच. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा कपाटातही चॉकलेटची आमटी होईल. संक्रांत ते रथसप्तमी हे दिवस उत्तम. जानेवारीतही दुपार तापते, तेव्हा रात्रीची जेवणे आटोपल्यावर करायला बसावे. रात्रभर थंडीत ताटे ठेवली की सकाळी गोठलेले असते. फ्रिज लागत नाही. फ्रिजमध्ये ठेवलेच तर बाहेर काढल्यावर त्याला घाम सुटतो आणि चकाकी जाते. डबा पूर्वीपासून घरातल्या गार कोपऱ्यात, मुंग्यांपासून जपून ठेवा. दाण्यांचे चॉकलेट दोन-तीन आठवडे छान राहते. वर पांढुरकी झाक आली तर ती बुरशी असेलच असे नाही. ऊब लागून स्निग्धांश वर आला की तशी झाक येते, आणि वास-चव ठीक असेल तर खायला हरकत नाही. केस फुटल्यासारखे दिसले तर मात्र टाकून द्या.

राखीला किंवा दिवाळीला करायचे असेल तर चॉकलेटच्या वड्या करा. त्यांना लादी लागत नाही, कोको पावडरचा लहान डबा पुरतो. एक वाटी साखरेत अर्धी वाटी पाणी घालून एकतारी पाक करा. उतरवून त्यात दोन चमचे तूप घाला. मग दोन वाट्या दुधाची पावडर आणि तीन मोठे चमचे कोको पावडर एकत्र चाळून घाला आणि सराट्याने भराभर घोटा. गोळा कडा सोडू लागला की तूप लावलेल्या ताटात थापा आणि कोमट असताना वड्या पाडा. घरी म्हैस असेल तर दुधाच्या पावडरीऐवजी खवा वापरता येतो. चव अधिक चांगली, पण त्या वड्या दोन-तीन दिवसांतच संपवाव्या लागतात. परगावी धाडायच्या तर पावडरीच्याच बऱ्या.

बांधणीवर पैसे घालू नका. आम्ही पळसाच्या पानांचे कोरडे द्रोण घेतले, आत बटर पेपर घातला, त्यात चार दाण्यांची, चार संत्र्याची अशी चॉकलेटे ठेवली, वर दुसरा द्रोण उपडा घातला आणि लाल दोऱ्याने बांधले. ओले द्रोण घेऊ नका, ओल धरते. एस.टी.ने न्यायचे तर पहाटेच्या गाडीने न्या आणि पिशवी मांडीवर ठेवा, इंजिनाजवळ नको.

भाचीने संक्रांतीला ते द्रोण नेले. मैत्रिणींनी आधी द्रोणांचेच कौतुक केले म्हणे, कारण त्यातल्या दोघी शहरात वाढलेल्या, पळसाचा द्रोण त्यांनी लग्नाच्या पंगतीतही पाहिलेला नव्हता. दाण्याची चॉकलेटे दोन दिवस पुरली. संत्र्याच्या पट्ट्या त्याच रात्री संपल्या.

परवा बहिणीकडे गेले होते. ओसरीत खुंटीला चाळणी टांगलेली दिसली, वर फडके बांधलेले. मी विचारले, "या वर्षी लवकर लागलीस कामाला?"

"मी नाही गं," ती म्हणाली. "ह्यांनी वाळत घातल्या. आता संत्रं सोललं की साल फेकू देत नाहीत."