घर का पडतं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

किल्लारीच्या शाळेत ग्रंथालय सांभाळताना एक दृश्य मी नेहमी पाहत आलो. सातवीतलं पोर कपाटापुढं उभं राहतं, दोन मिनिटं पाहतं आणि रिकाम्या हातानं परत जातं. त्याला वाचायचं नसतं असं नाही. काय मागावं ते कळत नसतं. म्हणून आम्ही एकेका विषयाची पुस्तकं टेबलावर मांडू लागलो.

पहिलं प्रदर्शन भूकंपाचं होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, आमच्या भागात हजारो माणसं गेली. मी ‘भूकंप’ अशी पाटी लावली आणि पडलेल्या घरांची कात्रणं चिकटवली. मुलं आली, पाहून गेली. एकही पुस्तक घरी गेलं नाही. एक मुलगी म्हणाली, “सर, हे घरी नेलं तर आजी रडंल.”

चूक माझी होती. मी मुलांपुढं दुःख मांडलं होतं, प्रश्न नव्हे. पुढच्या वर्षी कात्रणं काढली आणि पाटी लिहिली, ‘घर का पडतं? कसं टिकतं?’

दशांश वर्गीकरणात भूकंपाचं पुस्तक ५५१ मध्ये, बांधकामाचं ६९० मध्ये आणि मराठी कादंबरी ८९१.४६ मध्ये जाते. पुस्तक शोधायला ही व्यवस्था हवीच. पण मुलाचा प्रश्न असा तीन कपाटांत विभागलेला नसतो. त्या टेबलावर भूगर्भाचं पुस्तक, घरबांधणीचं पुस्तक आणि दुष्काळात उठून जाणाऱ्या गावाची गोष्ट सांगणारी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ शेजारी शेजारी आली.

या वेळी त्याच मुलीनं घरबांधणीचं पुस्तक नेलं. आजीनं तिला विचारलं, “आपली भिंत दोन हात जाड होती, तरी कशी पडली?” मुलीनं वाचून सांगितलं : दगड मातीत रचलेले, भिंतीचे आतले-बाहेरचे थर एकमेकांत गुंतवलेले नाहीत आणि वर माळवदाच्या मातीचं ओझं. मग आजीनं विचारलं, आताच्या घराला काँक्रीटचा पट्टा आहे का? हा प्रश्न मुलगी वर्गात घेऊन आली आणि मग प्रत्येकजण आपापल्या घरी तेच विचारू लागला.

असं प्रदर्शन कोणत्याही शाळेला जमेल. बारा-पंधरा पुस्तकं पुरतात. मुखपृष्ठ समोर आणि मुलांच्या नजरेच्या उंचीवर असावं. सोपी, चित्रांची, थोडी अवघड अशी सगळी असावीत. मागितलेलं पुस्तक तिथल्या तिथं द्यावं. मांडणी मोडेल म्हणून अडवू नये. जागा रिकामी झाली की दुसरं ठेवावं. पंधरा दिवसांनी विषय बदलावा आणि काय गेलं, काय राहिलं हे नोंदवहीत पाहावं. काहीच गेलं नाही तर मुलांना दोष न देता पाटी बदलावी.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तकं वापरण्यासाठी असतात, हा त्यांतला पहिला. आमच्या टेबलावर आता नवी पाटी आहे : ‘तेरणेचं पाणी जातं कुठं?’ पाटी लागली त्याच दिवशी नकाशांचं पुस्तक गेलं.