अडकलेली चाचणी



आपल्या मंडळात घरटी एक तरी सॉफ्टवेअरवाला आहेच. "रात्री बारा वाजता कसलं आलंय ऑफिस?" हा प्रश्नही घरटी ऐकू येतो. त्याचे हे एक उत्तर.

आम्ही काही जण क्यूईमू वापरून काम करतो. एका संगणकाच्या पोटात दुसरा आभासी संगणक चालवणारे हे मुक्त सॉफ्टवेअर फॅब्रिस बेलार्ड यांनी २००३ मध्ये लोकांपुढे आणले. आमच्या कामात काहीही बदल केला की रात्री आपोआप चाचण्या होतात. आभासी संगणक सुरू करायचा, लिनक्स चालू झाले का ते पाहायचे आणि बंद करायचा. दोन-तीन मिनिटांचे काम.

पण एक चाचणी मधूनच अडकायची. पास नाही, नापासही नाही! मागच्या साऱ्या चाचण्या रांगेत खोळंबायच्या आणि आमच्यापैकी कोणाला तरी रात्री उठावे लागायचे. आधी आम्ही वाट पाहण्याची वेळ वाढवली. उपयोग शून्य. "ही चाचणीच काढून टाकू" असेही ठरत आले होते. पण मग खरा दोष आला असता, तर तो कळला कसा असता?

शेवटी एकदा अडकलेली चाचणी बंद न करता डीबगर लावून आत पाहिले. क्यूईमू आपले संदेश लिहिता लिहिता थांबले होते आणि आमचा प्रोग्राम क्यूईमू संपण्याची वाट पाहत होता. दोघांचेही "आधी तुम्ही"!

कारण साधे होते. हे संदेश ज्या पाइपमधून येतात, त्यात लिनक्सवर सहसा ६४ किलोबाइट मावतात. पलीकडून कोणी वाचले नाही, तर तुंबलेल्या मोरीसारखा तो भरतो आणि लिहिणारा थांबतो. संदेश कमी असले की चाचणी पार पडायची, जास्त असले की अडकायची. चूक आमच्याच प्रोग्रामची होती.

मग आम्ही संदेश सतत वाचून फाइलमध्ये ठेवणारा वेगळा थ्रेड लिहिला. वेळेची मर्यादाही घातली. ती उलटली की क्यूईमू बंद होते, चाचणी नापास ठरते आणि शेवटचे संदेश समोर येतात. खात्रीसाठी मुद्दाम १ मेगाबाइट संदेश सोडले. जुना प्रोग्राम दर वेळी अडकला, नवा एकदाही नाही.

तेव्हा चाचणी अडकली तर घड्याळ वाढवण्याआधी कोण कोणाची वाट पाहतोय ते बघा. तुमचाही असा अनुभव असेल, तर पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा.